आमच्या शाळेत पाच वर्ग आणि एकच सर, मुलं काढून घेऊ का?

वाचक ताईंचं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे, पट ३८. मुलगी तिसरीत आहे, मुलगा जूनमधे पहिलीत जाईल. दोन शिक्षक होते, त्यातल्या बाई दिवाळीच्या सुट्टीनंतर आल्याच नाहीत. कुणी म्हणतं बदली झाली, कुणी म्हणतं दुसऱ्या शाळेवर पाठवल्यात. आता एकच सर, तेच मुख्याध्यापक, त्यात मीटिंगा, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम. सर नसले की पाचवीची पोरं वर्ग सांभाळतात. मिस्टर म्हणतात तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला टाकू, व्हॅन दारात येते. गावातली काही मंडळी म्हणतात शाळेला टाळं ठोकू. सरांवर राग काढावा तर माणूस चांगला आहे. हे आमच्याच नशिबी आलंय की सगळीकडे असंच आहे? आणि मी नक्की काय करू? – एक आई"

ताई,

नशिबाचं आधी बोलू, कारण ते एकदा डोक्यातून गेलं की पुढचं सगळं सोपं होतं. तुमच्यासारख्या एकशिक्षकी शाळा देशात १ लाखाच्या वर आहेत. केंद्र सरकार देशातल्या सगळ्या शाळांची माहिती यूडायस प्लसवर गोळा करतं, त्याची २०२४-२५ ची आकडेवारी आहे, त्यात १,०४,१२५ शाळा अशा निघाल्या जिथे एकच शिक्षक आहे आणि त्या शाळांमधे ३३ लाखांच्या वर मुलं बसतात, म्हणजे सरासरी एका शाळेत ३२ च्या आसपास मुलं, जवळपास तुमच्याच शाळेएवढी. आंध्र प्रदेशात सगळ्यात जास्त, मग उत्तर प्रदेश, झारखंड, आणि त्यानंतर आपला महाराष्ट्र, ८ हजारांच्या वर शाळा. आपल्याकडे सगळं बरं चाललंय असं आपल्याला वाटत असतं, पण या यादीत आपण वरच्या चारात आहोत.

रिकाम्या जागांचं म्हणाल तर केंद्रानं २०२३ मधे लोकसभेत सांगितलं होतं की देशभरात पहिली ते बारावी मिळून ८ लाखांच्या वर पदं रिकामी आहेत, त्यातली बहुतेक पहिली ते आठवीची. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीनं २०२५ मधे हा आकडा १० लाखांच्या जवळ धरला. त्याआधी २०२१ मधे युनेस्कोचा भारतावरचा अहवाल आला होता त्यातही साधारण ११ लाख शिक्षक अजून लागतील असंच म्हटलेलं. म्हणजे आकडे मोजायची पद्धत वेगवेगळी, पण उत्तर तिथेच येऊन थांबतं.

आता गंमत वाटेल अशी नाही पण समजून घ्यायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. त्याच २०२४-२५ च्या आकडेवारीत देशातले एकूण शिक्षक पहिल्यांदाच १ कोटीच्या वर गेले. तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर एका शिक्षकामागे सरासरी १३ मुलं येतात, कायदा तर ३० पर्यंत चालेल म्हणतो. मग टंचाई कुठाय, असं कुणीही अधिकारी तुम्हाला विचारू शकतो आणि कागदावर तो खोटं बोलत नसतो. पण ही सरासरी काढताना शहरातली शाळा, खासगी शाळा, एकेका वर्गाला दोन दोन बाई असलेली शाळा आणि तुमची शाळा सगळं एकाच बेरजेत जातं. तुमच्या मुलीच्या वर्गात १३ मुलांमागे एक शिक्षक नाहीये, तिच्या वाट्याला पाच वर्गांचा एक माणूस येतो आणि तोही अर्धे दिवस बाहेर. म्हणून कुणी सरासरी सांगितली की तिथेच थांबवायचं आणि म्हणायचं, साहेब, आमच्या शाळेचं सांगा.

हे एवढं का साचलं तेही थोडक्यात सांगते. माणसं दरवर्षी रिटायर होतात, भरती मात्र दरवर्षी होत नाही. आपल्या राज्यात मे २०१२ मधे शिक्षक भरतीवर बंदी आली, मग शिक्षक भरतीसाठी ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं, त्या भरतीची पहिली टेट... म्हणजे ती पात्रतेची टीईटी नाही, अभियोग्यतेची टेट, २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि दुसरी थेट २०२३ मधे. मधली सगळी वर्षं डीएड बीएड झालेली पोरं घरी बसून वय घालवत होती आणि इकडे शाळेत खुर्ची रिकामी. २०२४ मधे २१ हजारांच्या वर पदांची जाहिरात निघाली, नेमणुका झाल्या, तिसरी टेट २०२५ मधे झाली, त्यामुळे चाक हललंय हे खरं आहे. पण नवीन लागलेल्या शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची, आणि ते मानधन २०२३ पर्यंत प्राथमिकला फक्त ६ हजार होतं, आता १६ हजार आहे. घरापासून लांब खोली करून राहणाऱ्या माणसाला त्यात काय पुरतं, म्हणून जो तो आपल्या जिल्ह्यात बदली मागतो आणि आडबाजूची शाळा पुन्हा रिकामी. दुसऱ्या राज्यांत वेगळी कारणं आहेत. बंगालमधे २०१६ ची भरती घोटाळ्यामुळे सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२५ मधे रद्द केली आणि शिक्षक, शिक्षकेतर मिळून २५,७५३ नोकऱ्या एका निकालात गेल्या. बिहारनं उलट केलं, २०२३-२४ मधे दोन फेऱ्यांमधे २ लाखांच्या वर शिक्षक भरले. म्हणजे मनात आणलं तर भरती होते.

बरं, आता तुमच्या शाळेकडे येते, कारण देशाचा आकडा माहीत करून तुमच्या पोरीला वाचता येणार नाहीये.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते "कुणी म्हणतं बदली झाली, कुणी म्हणतं दुसऱ्या शाळेवर पाठवल्यात." ताई, हे गावात कुणालाच नक्की माहीत नाही आणि तिथेच सगळं अडलंय. बाई नाहीत हे एकच दिसतं पण त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हीचा अर्ज वेगळा, साहेब वेगळा, उत्तरही वेगळं. पद मंजूर आहे पण बाई बदलून गेल्यात आणि जागी कुणी आलं नाही, म्हणजे रिक्त पद. किंवा बाई कागदावर अजून तुमच्याच शाळेच्या आहेत, पगार इथून निघतो, पण त्यांना कामगिरीवर दुसरीकडे पाठवलंय. किंवा नवीन संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला किती पदं हे ठरवतात त्यात, तुमच्या शाळेचं दुसरं पदच उडालंय आणि बाई अतिरिक्त ठरून समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेच्या रिकाम्या जागेवर, गेल्या. बहुतेक गावं इथेच चुकतात, "शिक्षक द्या" एवढंच निवेदन देतात, साहेब "वर कळवतो" म्हणतात आणि ते निवेदन फायलीत जातं.

तेव्हा आधी हे शोधा, फार अवघड नाही. सरांना सरळ विचारा, त्यांना माहीतच असणार, फक्त सगळ्यांसमोर नको, एकटं गाठून विचारा. त्यांना बोलायला अवघड वाटलं तर केंद्रप्रमुखांना विचारा. शाळेचा ११ आकडी यूडायस नंबर भिंतीवर किंवा दाखल्यावर असतो, त्यावरून केंद्राच्या वेबसाइटवर शाळेत किती शिक्षक दाखवलेत तेही दिसतं, पण ती माहिती आधीच्या वर्षाची असू शकते त्यामुळे त्यावर सगळा भरवसा ठेवू नका. आणि कुणीच नीट सांगत नसेल तर पंचायत समितीत माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोनच गोष्टी मागा: चालू वर्षाच्या संचमान्यतेची प्रत, आणि शाळेतल्या मंजूर, कार्यरत, रिक्त पदांची माहिती, कुणाला कामगिरीवर पाठवलं असेल तर त्या आदेशासकट.

समजा बाई कामगिरीवर गेल्यात. मग तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, त्याच्या कलम २५ मधे स्पष्ट आहे की एका शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा ऑफिसात कामाला लावता येणार नाही. आदेश रद्द करून बाईंना परत पाठवा एवढंच मागायचं. होतं काय, की दुसऱ्या गावात शून्य शिक्षक झालेले असतात म्हणून साहेब एका ठिकाणचं काढून दुसरीकडे देतात, त्यांचीही अडचण असते हे मी समजू शकते, पण तुमच्या ३८ मुलांनी त्याची किंमत का मोजायची.

समजा रिक्त पद आहे. मग त्याच कायद्याचं कलम २६, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत, आणि सोबत कायद्याची अनुसूची, पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. इथे दोन मागण्या करा, कायमचा शिक्षक पुढच्या भरतीत किंवा बदल्यांमधे आमच्या शाळेला द्या ही एक आणि तोवर तात्पुरती सोय करा ही दुसरी. नुसती पहिली मागितली तर दोन वर्षं वाट बघाल, नुसती दुसरी मागितली तर तात्पुरतंच कायम होऊन बसेल.

आणि समजा पदच उडालं असेल तर जरा जास्त खोलात जावं लागेल. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले, त्यावर शिक्षक संघटना चिडलेल्या आहेत ते कमी पटाच्या शाळांची पदं जातात म्हणूनच. पण ३८ पटाला पहिली ते पाचवीत दोन शिक्षक कायद्यानंच आहेत, मग पद गेलंच कसं हे विचारायचं. बऱ्याचदा उत्तर एकदम साधं निघतं. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि गेली काही वर्षं आधार जुळलेलीच मुलं मोजतात. नावात एक अक्षर चुकलं, जन्मतारीख जुळली नाही, ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोराचं आधारच निघालं नाही, की ते मूल वर्गात बसलेलं असूनही पदाच्या हिशोबात नसतं. तुमच्या शाळेत अशी किती मुलं आहेत ते सरांकडून घ्या आणि आयांनी मिळून त्यांचे आधार दुरुस्त करून घ्या. हे काम कुठल्याही मोर्चापेक्षा जास्त उपयोगाचं आहे आणि ते पूर्ण तुमच्या हातात आहे.

अर्ज एकट्या आईच्या नावानं देऊ नका. शाळा व्यवस्थापन समिती असते ना, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुमच्या समितीत कोण आहे ते बघा, नुसत्या सह्या घेऊन मीटिंग झाल्याचं दाखवत असतील तर पहिली खरी मीटिंग तुम्ही लावा. ठराव लिहा, इतिवृत्तात घ्या, त्याची प्रत लावून अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि कॉपी शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि जिल्हा परिषदेच्या सीईओंना. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका, आवक नंबर आणि तारीख शिक्क्यासकट. अर्जात "कलम ३२ प्रमाणे तक्रार" असं लिहा, म्हणजे तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नाही दिला किंवा पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. ग्रामसभेतही हाच ठराव घ्या, सरपंचांना सोबत घेऊन जा, चार माणसं आणि दोन कागद हातात असले की बोलणं वेगळं होतं.

सरांच्या बाहेरच्या कामाचं मात्र वेगळं लिहा, शिक्षकाच्या मागणीत मिसळू नका. निवडणूक, जनगणना, आपत्ती ही कामं कायद्यातच शिक्षकांना सांगितलेली आहेत, ती नाकारता येत नाहीत. पण सुप्रीम कोर्टानं २००७ मधेच सांगितलंय की मतदार यादीचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं. सर बाहेर गेले की हालचाल रजिस्टरला नोंद होते, तुम्ही आयांनीही घरच्या कॅलेंडरवर शाळा बंद किंवा बिनशिक्षकाची राहिली ते दिवस लिहून ठेवा. "सर सारखे बाहेर असतात" असं म्हटलं तर सरांनाच नोटीस येईल. "एकशिक्षकी शाळेच्या शिक्षकाला शाळेच्या वेळेत काढू नका, हे हे दिवस मुलं बिनशिक्षकाची होती" असं म्हटलं तर प्रश्न जिथे जायला हवा तिथे जाईल. तुम्ही लिहिलंत माणूस चांगला आहे, मग पाच वर्गांचा भार एकट्यानं ओढणाऱ्या माणसाच्या बाजूला उभं राहा, त्याला एकटं पाडू नका. तोही कंटाळून बदली मागेल तर शाळेत शून्य शिक्षक होतील.

टाळं ठोकू नका असं माझं स्पष्ट मत आहे. टाळ्यानं बातमी येते, दोन दिवस धावपळ होते, कुणाला तरी कामगिरीवर पाठवतात म्हणजे दुसऱ्या गावाचा शिक्षक काढून देतात, आणि आठवड्यानं परत तेच. शिवाय जे थोडं शिक्षण चालू आहे ते आपण स्वतःच बंद करतो. पंचायत समितीसमोर बसायची वेळ आलीच तर मोठ्यांनी बसा, पोरांना उन्हात नेऊ नका.

आता मिस्टरांचं म्हणणं. त्यांना चूक म्हणणार नाही मी, आपल्या लेकराचं एक वर्ष गेलं तर ते कुणी परत देत नाही, आणि गावाची शाळा वाचवायची जबाबदारी एका तिसरीतल्या पोरीवर टाकणं बरोबर नाही. पण ठरवायच्या आधी दोन गोष्टी करा. एक म्हणजे मुलगी आत्ता कुठे आहे ते बघा. दुसरीचं मराठीचं पुस्तक समोर ठेवा, न अडखळता वाचते का, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगते का, हातच्याची बेरीज वजाबाकी येते का. येत असेल तर घाई करायचं कारण नाही. नसेल येत तर इंग्लिश मीडियमला टाकून ते येईल असं अजिबात नाही, उलट जी भाषा घरात कुणी बोलत नाही त्या भाषेत तेच सगळं नव्यानं उचलावं लागेल. दुसरं, त्या व्हॅनवाल्या शाळेत जाऊन विचारा की तिसरीला कोण शिकवतं, शिक्षण काय झालंय, गेल्या तीन वर्षांत त्या वर्गाच्या किती बाई बदलल्या, शाळेला मान्यता आणि यूडायस नंबर आहे का. टंचाई फक्त सरकारी शाळेत असते असं समजू नका, तिथे खुर्ची भरलेली असते पण कोण भरते हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि एक हिशोब मनात असू द्या, दबाव म्हणून नाही, माहीत असावा म्हणून. ३८ मधून जूनमधे दहा बारा मुलं गेली की ३० सप्टेंबरचा पट २६-२८ वर येतो, पुढच्या वर्षी अजून जातात, आणि पट २० च्या खाली गेला की दुसऱ्या पदावर खरंच गंडांतर येतं. कमी पटाच्या शाळांना कंत्राटी शिक्षक द्यायचा शासन निर्णय सप्टेंबर २०२४ मधे निघालाच होता, विरोध झाल्यावर २०२५ च्या सुरुवातीला रद्द झाला. मागे राहतात ती मुलं कुणाची असतात तुम्हाला माहीतच आहे, व्हॅनचे पैसे ज्यांना देता येत नाहीत त्यांची. म्हणून माझं म्हणणं असं की हा निर्णय एकट्यानं घरात घेऊ नका, पालकांच्या मीटिंगमधे घ्या, सगळ्यांनी मिळून एक तारीख ठरवा की अमुक दिवसापर्यंत दुसरा शिक्षक आला नाही तर आम्ही विचार करू, आणि ती तारीख अर्जात लिहून साहेबांनाही कळवा. पट जाणार हे साहेबांनाही नको असतं.

तोवर घरी काय, तर ट्यूशनच्या मागे धावू नका. रोज अर्धा तास तिनं मोठ्यानं वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं, भाजी चिरताना ऐकलं तरी चालतं. किराणाचा हिशोब तिला करू द्या. धाकट्याला ती गोष्ट वाचून दाखवेल त्यात दोघांचं होतं. शाळेत पाचवीच्या मुलांनी लहानांना कधीमधी वाचून दाखवणं चांगलंच आहे, पण रोज वर्ग सांभाळायला लावणं नको, त्यांचंही पाचवीचं वर्ष आहे, आणि एखादं मूल पडलं झडलं तर जबाबदार कोण. सर मीटिंगला जाणार असतील त्या दिवशी दोन पालक शाळेत बसतील असं आळीपाळीनं ठरवा, सरांना आधी विचारून. गावात कुणी डीएड झालेली मुलगी असेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा वर्गणीतून तिला काही महिने मानधन देता येतं, बरीच गावं करतात. फक्त ठरावात स्पष्ट लिहा की ही तात्पुरती मदत आहे, शाळेचं मंजूर पद भरण्याची मागणी कायम आहे, नाहीतर कागदावर तुमची अडचण संपलेली दिसते. आणि त्या मुलीला वेळेवर पैसे द्या, फुकट राबवू नका.

हे सगळं मे महिन्याच्या आधी हलवायला हवं, उन्हाळ्यात बदल्या होतात आणि जूनमधे सांगितलं तर यादी तोवर झालेली असते. या आठवड्यात फक्त सरांना गाठा आणि बाईंचं नेमकं काय झालंय ते विचारा. तिघांतलं जे निघेल ते मला कळवा, त्याप्रमाणे अर्जाचा मसुदा पुढच्या सदरात देते, म्हणजे तुमच्यासारख्या बाकीच्या गावांनाही तो वापरता येईल.